विश्लेषण : न भेटलेल्या रुग्णाची नोंद कशी ठेवावी? फ्रॉइड यांच्या आयुष्यातील कागद काय सांगतात?

मानसोपचार आता फोनवर आले आहेत. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला. खासगी मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशकही व्हिडीओ कॉलवर रुग्ण पाहतात. रुग्ण एका गावात, डॉक्टर दुसऱ्या शहरात; दोघांना बांधून ठेवणारी वस्तू एकच, ती म्हणजे उपचारांची नोंद. ही नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली, त्यात किती लिहायचे, ती कोणी वाचायची आणि चुकली तर दुरुस्त कशी करायची, हे प्रश्न मोबाइलच्या काळातील वाटतात. प्रत्यक्षात ते शंभर वर्षांहून जुने आहेत. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड (१८५६-१९३९) यांनी एका लहान मुलावर त्याच्या वडिलांच्या टिपणांवरून उपचार केले, कधीही न पाहिलेल्या न्यायाधीशाच्या आजाराचे विश्लेषण केले आणि स्वतःच्या मनाचा शोध परगावच्या मित्राला लिहिलेल्या पत्रांतून घेतला. स्वतःचे कागद त्यांनी अनेकदा जाळले. जे जाळायचे राहिले त्यांतूनच त्यांच्या कामाची खरी तपासणी झाली.

फ्रॉइड यांची जडणघडण कशी झाली?

६ मे १८५६ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील फ्रायबर्ग या लहान गावात एका ज्यू लोकर व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून त्याचे नाव प्रिबोर आहे. कुटुंब लवकरच व्हिएन्नाला आले. पुढे जवळपास संपूर्ण आयुष्य फ्रॉइड यांनी याच शहरात काढले. १८८१ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याआधीची काही वर्षे त्यांनी अर्न्स्ट ब्रुक यांच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतू पाहण्यात घालवली होती. प्रयोगशाळेत केवळ संशोधनावर घर चालणार नाही हे लक्षात आल्यावर ते १८८२ मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात रुजू झाले.

१८८५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी मागील १४ वर्षांची टिपणे, पत्रे आणि हस्तलिखिते नष्ट केली. भावी चरित्रकारांची अडचण होईल याची त्यांना कल्पना होती, आणि त्याची थोडी गंमतही वाटत होती. अजून त्यांच्या नावावर एकही मोठा शोध नव्हता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ते पॅरिसला झां-मार्टिन शार्को यांच्याकडे शिकायला गेले. तेथे ‘हिस्टेरिया’ या आजाराकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी त्यांना मिळाली. परतल्यावर १८८६ मध्ये त्यांनी स्वतःचा दवाखाना उघडला. १८९१ मध्ये ते बर्गगासे १९ या पत्त्यावर राहायला गेले आणि पुढील ४७ वर्षे तेथेच राहिले.

पहिल्याच प्रसिद्ध रुग्णाच्या बाबतीत काय घडले?

मनोविश्लेषणाची सुरुवात ज्या रुग्णापासून मानली जाते, त्या ‘ॲना ओ.’वर फ्रॉइड यांनी कधीच उपचार केले नाहीत. ती त्यांचे ज्येष्ठ सहकारी योझेफ ब्रॉयर यांची रुग्ण होती. १८८० ते १८८२ या काळात ब्रॉयर यांनी तिला बोलते केले आणि बोलण्यातून लक्षणे कमी होतात असे त्यांना दिसले. फ्रॉइड यांनी हे सारे ब्रॉयर यांच्या तोंडून ऐकले. १८९५ मध्ये दोघांनी मिळून ‘हिस्टेरियाविषयी अभ्यास’ हे पुस्तक काढले. उपचारांनंतर सावरायला वेळ लागला, पण पुढे तिची प्रकृती पूर्ण ठीक झाली, असे चित्र त्यातून वाचकापुढे उभे राहिले.

इतिहासकार हेन्री एलेनबर्गर यांना पुढे स्वित्झर्लंडमधील क्रॉइट्सलिंगेन येथील बेलव्ह्यू या खासगी रुग्णालयाच्या दप्तरात तिची जुनी फाइल सापडली. त्याविषयी त्यांनी १९७२ मध्ये लिहिले. फाइलमध्ये ब्रॉयर यांनी १८८२ मध्ये रुग्णाला तिकडे पाठवताना लिहिलेला अहवाल होता. आजच्या भाषेत सांगायचे तर रेफरल नोट. ब्रॉयर यांचे उपचार संपल्यावर लगेचच तिला तेथे दाखल करावे लागले होते. चेहऱ्याच्या तीव्र वेदनांसाठी दिलेल्या मॉर्फिनची सवय सुटत नव्हती आणि इतर त्रासही संपलेला नव्हता. छापील वृत्तांत आणि रुग्णालयाची नोंद यांत मोठे अंतर होते. छापील वृत्तांत वाचकांसाठी लिहिला होता. नोंद पुढच्या डॉक्टरसाठी. जिच्यावर दुसऱ्या डॉक्टरला उपचार करायचे आहेत, तिच्याविषयी गोड चित्र रंगवून चालत नाही. म्हणूनच नव्वद वर्षांनंतर नोंद अधिक विश्वासार्ह ठरली.

फ्रॉइड रुग्णांच्या नोंदी कशा ठेवत?

रुग्ण समोर असताना फ्रॉइड सहसा लिहीत नसत. दिवसभर रुग्ण पाहून झाल्यावर रात्री ते आठवणीतून टिपणे काढत. १९१२ मध्ये तरुण डॉक्टरांसाठी लिहिलेल्या लेखात त्यांनी याची कारणे दिली आहेत. लिहिणारा डॉक्टर ऐकता ऐकताच निवड करू लागतो. काय महत्त्वाचे हे आधीच ठरवतो आणि मग त्याला तेच सापडते. शिवाय समोर वही उघडी असेल तर रुग्णाच्या मनावरही परिणाम होतो. तारखा, स्वप्नांचा मजकूर किंवा एखादी ठळक घटना तेवढी टिपायला त्यांची हरकत नव्हती. उपचार सुरू असतानाच त्या रुग्णावर शास्त्रीय लेखन करू नये, असेही त्यांचे मत होते.

ही टिपणे ते नंतर नष्ट करत. एका रुग्णाची मात्र राहून गेली. १ ऑक्टोबर १९०७ पासून फ्रॉइड यांच्याकडे येऊ लागलेला एक तरुण वकील ‘रॅट मॅन’ या टोपणनावाने ओळखला जातो. मनात नको ते विचार वारंवार घुसणे हा त्याचा आजार. त्याच्यावरील लेख १९०९ मध्ये छापून आला. फ्रॉइड यांच्या मृत्यूनंतर लंडनमधील कागदपत्रांत त्या उपचारांची रोजची टिपणे मिळाली. त्यांचे इंग्रजी भाषांतर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यानंतर अभ्यासकांनी लेख आणि टिपणे शेजारी ठेवून वाचली. लेखाचा सारा भर रुग्णाच्या वडिलांवर आहे. टिपणांत आईचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. लेखातून ती जवळपास गायब आहे. एके दिवशी रुग्ण भुकेला होता म्हणून त्याला घरी खायला दिले, ही बाबही टिपणांत आहे. डॉक्टरने रुग्णापासून अंतर राखावे असे सांगणाऱ्या फ्रॉइड यांनी ती लेखात घेतली नाही. रोजच्या नोंदीत सिद्धान्ताला न जुळणारेही येते. म्हणूनच ती अप्रिय वाटली तरी उपयोगी असते.

रुग्णाला न पाहता उपचार कसे झाले?

दूरस्थ मानसोपचारांचे सर्वांत गाजलेले जुने उदाहरण म्हणजे ‘छोटा हान्स’. फ्रॉइड यांच्या घरी १९०२ पासून बुधवारी संध्याकाळी काही मंडळी चर्चेसाठी जमत. त्यांत संगीत समीक्षक माक्स ग्राफ हेही होते. त्यांचा मुलगा १९०३ मध्ये जन्मला. मुलांच्या वाढीची निरीक्षणे लिहून ठेवावीत, अशी फ्रॉइड यांची आपल्या वर्तुळातील लोकांना विनंती होती. त्यामुळे ग्राफ मुलगा तीन वर्षांचा होण्याआधीपासूनच त्याचे बोलणे टिपून ठेवत होते. जानेवारी १९०८ मध्ये मुलाला घोड्यांची भीती वाटू लागली. रस्त्यात घोडागाडी दिसेल म्हणून तो घराबाहेर पडेना. घोडागाड्यांच्या व्हिएन्नात म्हणजे रस्ताच बंद झाला.

त्यानंतरचे काही महिने वडील मुलाशी बोलत, बोलणे तारीखवार लिहीत आणि फ्रॉइड यांच्याकडे पाठवत. फ्रॉइड सूचना करत. वडील त्या अमलात आणत. उपचारांच्या काळात फ्रॉइड यांनी मुलाला एकदाच पाहिले, ३० मार्च १९०८ रोजी, तेही वडिलांसोबत. मेपर्यंत भीती ओसरली.

या पद्धतीतील अडचण फ्रॉइड यांनाही दिसत होती. वडील बरेच प्रश्न असे विचारत की उत्तर प्रश्नातच दडलेले असे. मुलाची आई पूर्वी फ्रॉइड यांचीच रुग्ण होती. आई-वडिलांचे पटत नव्हते. पुढे ते विभक्त झाले. म्हणजे माहिती देणारा, उपचार करणारा आणि घरातील ताणाचा एक भाग असणारा माणूस एकच होता. आज एखादी आई फोनवर मुलाविषयी सांगते किंवा नवरा बायकोच्या वतीने बोलतो, तेव्हा हीच स्थिती असते. रुग्ण चिडचिडा आहे, एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला ते डॉक्टरचे निरीक्षण वाटते. नवऱ्याच्या सांगण्यानुसार रुग्ण चिडचिडी आहे, असे लिहिले तर अर्थ बदलतो.

ग्राफ यांच्या टिपणांचा एक गुण मात्र मोठा होता. कोण काय बोलले आणि कधी बोलले, हे त्यांत वेगवेगळे दिसते. म्हणूनच १९६० मध्ये जोसेफ वोल्पे आणि स्टॅन्ली राखमन या वर्तनोपचाराच्या अभ्यासकांना त्याच नोंदींतून वेगळे स्पष्टीकरण मांडता आले. मुलाने गाडीचा घोडा रस्त्यात कोसळताना पाहिला होता. भीतीचे मूळ तेथे असू शकते आणि वडिलांविषयीच्या सुप्त भावनांचा पुरावा नोंदींत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोणाचे बरोबर हा वाद वेगळा. तो घालता आला, कारण कच्ची नोंद उपलब्ध होती.

१९२२ मध्ये १९ वर्षांचा हान्स फ्रॉइड यांना भेटायला आला. तो धडधाकट होता. स्वतःवरील लेख वाचून त्याला काहीच आठवले नाही. तो मुलगा आपण आहोत हेही ओळखीचे वाटले नाही. पुढे हर्बर्ट ग्राफ या नावाने तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा नामवंत दिग्दर्शक झाला. आपणच छोटा हान्स, हे त्याने १९७२ मध्ये स्वतः सांगितले.

केवळ पुस्तकावरून निदान करता येते का?

डॅनियल पाउल श्रेबर हे जर्मनीत ड्रेस्डेनच्या न्यायालयात न्यायाधीश होते. मनोविकारामुळे त्यांना अनेक वर्षे रुग्णालयात राहावे लागले. बाहेर पडण्यासाठी त्यांनी न्यायालयात लढा दिला आणि १९०२ मध्ये तो जिंकला. १९०३ मध्ये त्यांनी आपल्या आजाराचे अनुभव पुस्तकरूपाने छापले. डॉक्टरांचे अहवाल आणि न्यायालयातील कागदही त्यात जोडले. आपल्याविषयी इतरांनी केलेल्या नोंदींशेजारी रुग्णाने स्वतःची नोंद ठेवली होती.

फ्रॉइड यांनी १९११ मध्ये या पुस्तकाच्या आधारे श्रेबर यांच्या भ्रमांवर दीर्घ लेख लिहिला. दोघांची भेट कधीच झाली नाही. लेख आला त्याच वर्षी श्रेबर यांचा मृत्यू झाला. मूळ पुस्तकातील कुटुंबाविषयीचे एक संपूर्ण प्रकरण छपाईपूर्वीच वगळले गेले होते. श्रेबर यांचे वडील मुलांच्या शारीरिक शिस्तीवर पुस्तके लिहिणारे डॉक्टर होते. मुलांनी ताठ बसावे म्हणून त्यांनी पट्टे आणि यांत्रिक साधने तयार केली होती. विल्यम निडरलँड यांनी १९५० च्या दशकात ही साधने आणि मुलाचे छातीवर दाब येण्यासारखे भ्रम यांतील साम्य दाखवले. फ्रॉइड यांच्या विश्लेषणात याला स्थान नव्हते. समोर रुग्ण नसताना हाती आलेला मजकूर पूर्ण वाटतो. त्यात काय नाही हे दिसत नाही. दूरच्या रुग्णाच्या नोंदीत काय विचारता आले नाही आणि काय तपासता आले नाही, हेही लिहावे लागते ते यासाठी.

नाव बदलले म्हणजे गोपनीयता राखली?

१९०० च्या ऑक्टोबरमध्ये जवळपास १८ वर्षांची एक मुलगी वडिलांच्या आग्रहाने फ्रॉइड यांच्याकडे आली. वडिलांच्या एका मित्राने आपल्याशी गैरवर्तन केले, असे ती सांगत होती. वडील ते मानायला तयार नव्हते. तिचे म्हणणे खरे आहे हे फ्रॉइड यांनी मान्य केले. पण त्या माणसाविषयी तिलाच सुप्त आकर्षण आहे, असा अर्थ ते काढत राहिले. ११ आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, तिने उपचार थांबवले.

फ्रॉइड यांनी हा वृत्तांत लगेच लिहून काढला, पण १९०५ पर्यंत छापला नाही. तिला ‘डोरा’ असे नाव दिले, ओळख पटेल असे तपशील टाळले आणि तो केवळ डॉक्टर वाचतात अशा नियतकालिकात दिला. तिची परवानगी मात्र घेतली नाही. विचारले तर नकारच येईल, हे ते जाणून होते. १९२० च्या दशकात तिने दुसऱ्या एका डॉक्टरला आपण डोरा असल्याचे सांगितले. आज तिचे खरे नाव कोणत्याही संदर्भग्रंथात मिळते. वडिलांचे व्यवसाय, आजार, गावे, वये असे तपशील जुळवले की टोपणनाव गळून पडते.

आज हा धोका किती तरी पटींनी वाढला आहे. २०२० मध्ये फिनलंडमधील एका मानसोपचार केंद्राच्या हजारो रुग्णांच्या संगणकीय नोंदी चोरीला गेल्याचे उघड झाले. चोराने केंद्राकडे खंडणी मागितली आणि नंतर थेट रुग्णांनाच धमक्यांचे ईमेल पाठवले. त्या फायलींत समुपदेशकांनी सत्रांनंतर लिहिलेली टिपणे होती. डोराच्या काळी कुजबुज एका शहरापुरती असे. आता नोंद एकदा बाहेर पडली की परत घेता येत नाही.

फ्रॉइड यांची स्वतःची नोंद कशी वाचली?

१८८७ ते १९०४ या काळात फ्रॉइड यांनी बर्लिनमधील नाक-घशाचे डॉक्टर विल्हेल्म फ्लीस यांना अडीचशेहून अधिक पत्रे लिहिली. वडिलांच्या मृत्यूनंतर, १८९७ मध्ये, त्यांनी सुरू केलेला स्वतःच्या मनाचा शोध या पत्रांतूनच पुढे सरकला. एका अर्थाने फ्रॉइड हेच दूरचे रुग्ण होते आणि फ्लीस त्यांचे श्रोते. पुढे मैत्री तुटली. फ्लीस यांची उत्तरे मिळालेली नाहीत. संवादाची एकच बाजू उरली.

फ्लीस यांच्या विधवेने १९३६ मध्ये ही पत्रे एका विक्रेत्याला दिली. फ्रॉइड यांच्या शिष्या, ग्रीस आणि डेन्मार्कच्या राजघराण्याच्या सून मारी बोनापार्ट यांनी ती विकत घेतली. पत्रे नष्ट करावीत असे फ्रॉइड यांनी सांगितले. बोनापार्ट यांनी गुरूंचे ऐकले नाही. पत्रे व्हिएन्नातील रॉथ्सचाइल्ड बँकेत ठेवली होती. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर त्यांनी गेस्टापोच्या डोळ्यांदेखत ती बँकेतून काढून घेतली. युद्धात ती पॅरिसमधील डॅनिश वकिलातीत राहिली आणि नंतर बोट बुडाली तरी टिकावीत म्हणून जलरोधक वेष्टनात बांधून इंग्लंडला पोहोचली.

१९५० मध्ये या पत्रांची निवड छापली गेली. त्यातून एक प्रकरण वगळण्यात आले. १८९५ मध्ये फ्रॉइड यांच्या एका रुग्ण महिलेच्या नाकावर फ्लीस यांनी शस्त्रक्रिया केली होती. कापडाची लांब पट्टी जखमेतच राहून गेली आणि रक्तस्रावाने ती मरणाच्या दारात पोहोचली. चूक फ्रॉइड यांनी डोळ्यांनी पाहिली आणि पत्रातून कळवलीही. पण पुढे त्याच पत्रव्यवहारात ते रक्तस्रावाचा संबंध तिच्या मनातील इच्छांशी जोडू लागले. १९८५ मध्ये संपूर्ण पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला, तेव्हा हा बदल सर्वांना क्रमाने वाचता आला. पत्रे जळाली असती तर त्या बाईच्या त्रासाचे खरे कारण कायमचे पुसले गेले असते.

फ्रॉइड स्वतः रुग्ण झाले तेव्हा?

१९२३ मध्ये फ्रॉइड यांना जबड्याचा कर्करोग झाला. सुरुवातीला त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी खरे निदान त्यांच्यापासून लपवले. ते कळल्यावर फ्रॉइड यांना संताप आला. रुग्णाला आपल्या आजाराचे सत्य कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्यावरील लेखासाठी डोराला विचारले गेले नव्हते, हे येथे आठवावे. डोराने १९२० च्या दशकात आपली ओळख सांगितली तीही याच डॉइच यांना.

पुढील १६ वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. शल्यचिकित्सक हान्स पिख्लर यांनी प्रत्येक भेटीची तारीखवार नोंद ठेवली. ४ जून १९३८ रोजी फ्रॉइड यांनी व्हिएन्ना सोडले. त्याआधी मुलगी ॲना आणि मारी बोनापार्ट यांनी कागद निवडले आणि नको ते ढिगाने जाळले. लंडनमध्ये पिख्लर यांचेच माजी सहायक उपचारांसाठी होते. त्या सप्टेंबरमध्ये मोठी शस्त्रक्रिया करायला स्वतः पिख्लर आले. देश सुटला तरी उपचारांचा धागा तुटला नाही. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, फ्रॉइड यांचे निधन झाले. पिख्लर यांची टिपणे नंतर अर्नेस्ट जोन्स यांनी लिहिलेल्या चरित्राला परिशिष्ट म्हणून जोडली गेली.

भारताशी या इतिहासाचा संबंध काय?

कोलकात्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ मध्ये आपला प्रबंध फ्रॉइड यांना टपालाने पाठवला. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांचा पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. भेट कधीच झाली नाही. आपल्या भारतीय रुग्णांत काही गोष्टी युरोपातील रुग्णांप्रमाणे दिसत नाहीत, असे बोस यांनी स्पष्ट लिहून कळवले. फ्रॉइड यांना ते पूर्णपणे पटले नाही. पण दूर बसलेल्या तज्ज्ञाच्या मताशी समोरच्या रुग्णाची निरीक्षणे जुळत नसतील तर ती दडपून टाकायची नाहीत, ही शिस्त बोस यांनी पाळली. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टर आज व्हिडीओवरून शहरातील तज्ज्ञाचा सल्ला घेतात, तेथेही हीच गरज असते.

आजचे नियम काय सांगतात?

फ्रॉइड यांच्या काळी नोंदींचा निर्णय डॉक्टरच्या मर्जीवर असे. भारतात आता त्याला कायद्याची चौकट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क आहे. कलम २४ नुसार तो हक्क डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू होतो. कलम २५ रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देते. एखाद्या माहितीमुळे रुग्णाला गंभीर मानसिक इजा होण्याची किंवा इतरांना धोका होण्याची शक्यता असेल तरच ती विशिष्ट माहिती रोखता येते. त्याविरुद्ध मानसिक आरोग्य मंडळाकडे दाद मागता येते, हेही रुग्णाला सांगावे लागते.

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर आणि रुग्ण यांनी एकमेकांची ओळख पटवून घ्यायची असते. संमती, सल्ल्याचा तपशील आणि दिलेले औषध यांची नोंद डॉक्टरने ठेवायची असते. प्रौढ रुग्णाच्या वतीने नातेवाईक बोलत असेल, तर त्याला तसा अधिकार आहे का हे पाहावे लागते. फोनवर पुरेसे कळत नाही असे वाटल्यास प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरण्याची मुभा डॉक्टरला आहे. त्याच वर्षी बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’च्या पुढाकाराने दूरस्थ मानसोपचारांसाठी स्वतंत्र कार्यपद्धतीही तयार झाली.

रुग्णाने काय विचारावे?

फ्रॉइड यांनी रुग्णांची टिपणे नष्ट केली, त्यामागे गुपिते जपण्याची काळजी होती. पण ज्या नोंदी वाचल्या, त्यांनीच ॲना ओ.चा खरा आजार, रॅट मॅनची आई आणि राहून गेलेली कापडाची पट्टी उजेडात आणली. डोराची परवानगी विचारली गेली नाही, हेही आज कळते ते लेखी पुराव्यामुळे. सगळे जाळणे आणि सगळे उघड करणे या दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते.

म्हणून फोनवर उपचार घेणाऱ्याने पहिल्याच भेटीत चार गोष्टी विचारायला हरकत नाही. संभाषण ध्वनिमुद्रित होते का आणि ते नाकारता येते का? नोंद कोठे साठवली जाते आणि डॉक्टरशिवाय ती कोणाला दिसते? घरच्यांनी दिलेली माहिती आणि रुग्णाने सांगितलेली माहिती वेगळी लिहिली जाते का? आणि नोंदीत चूक आढळली तर ती कोणी, कशी दुरुस्त करायची? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे नव्हे. छोट्या हान्सने ते विचारण्याचे वय नव्हते. डोराला संधी मिळाली नाही. आजच्या रुग्णाला ती आहे.